शालीन कोणाला म्हणायचं?

गेल्या दिवाळीनंतर माझ्या ताईला बघायला बेळगावकडची मंडळी आली होती. पुण्या-मुंबईकडे ज्याला कांदेपोहे म्हणतात, त्याला आमच्या हुबळीत उप्पीट आणि शिरा लागतो, एवढाच फरक. बाकी सगळं तेच. ताई एका सौहार्द सहकारी संस्थेत सोनेतारण कर्जाच्या काउंटरवर बसते. मुलाच्या वडिलांनी बोलता बोलता सोन्यावरच्या व्याजाचा काहीतरी हिशोब सांगितला, तो चुकीचा होता. ताई म्हणाली, "नाही काका, तसं नसतं ते," आणि दोन वाक्यांत बरोबर हिशोब मांडला. मग कोणीतरी विनोद केला आणि ती हसली. ताईचा आवाज जाड आहे आणि हसणं दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत पोचणारं. मी आत शिरा वाढत होते, मला ऐकू आलं, आणि आईच्या कपाळावरची आठीही दिसली.

चार दिवसांनी मध्यस्थ काका आले. "मुलगी शिकलेली आहे, नोकरी आहे, दिसायलाही छान. पण त्यांच्या घरच्यांना जरा... शालीन वाटली नाही."

बाबा सरळ माणूस. त्यांनी विचारलं, "शालीन म्हणजे नक्की काय हो?"

काका थोडे अडखळले. "म्हणजे असं की... घरंदाज."

"आणि घरंदाज म्हणजे?"

"अहो, म्हणजे शालीन!"

आम्ही नंतर यावर पुष्कळ हसलो. पण त्या दिवसापासून आई मला सारखी म्हणायला लागली, "हळू बोल की गं जरा." ताईला ती काही म्हणाली नाही. ताईच्या वेळचं जे बिघडलं ते माझ्या वेळेला बिघडू नये, असा तिचा हिशोब असणार. मी मराठी हा विषय घेऊन बी.ए. करते आहे. ज्या शब्दामुळे आमच्या घरात आवाजाची पट्टी खाली आली तो शब्द नीट बघावा, म्हणून मी ग्रंथालयात जाऊन बसले. हा लेख त्यातून झाला.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, बाईच्या सभ्यपणासाठी मराठीत जेवढे शब्द आहेत त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात घर आहे. घरंदाजमध्ये तर ते उघडच आहे. कुलीनमधलं कुल म्हणजे घराणं. खानदानीमधला खाना फारसीतला, तोही घरच. कुलवधू घ्या, गृहिणी घ्या. आपल्या कन्नड शेजाऱ्यांकडे 'गरती' आहे: सुशील, संसारी, मानाची बाई. मराठीच्या जुन्या कोशांतही गरती सापडते, आपण ती वापरायची सोडली एवढंच. आणि शालीन? त्यात शाला आहे. शाला म्हणजे संस्कृतात घर, दालन. पाणिनीच्या पाचव्या अध्यायात या शब्दासाठी एक सूत्रच आहे. गंमत म्हणजे त्याच सूत्रात शालीनच्या जोडीला कौपीन हा शब्द आहे, म्हणजे लंगोटी! परंपरेने त्याचा अर्थ असा लावला आहे की, जो शालेत शिरायला योग्य, जो धीट नाही, उद्धट नाही, तो शालीन.

'तो' हे मी मुद्दाम लिहिलं. पाणिनीच्या सूत्रात बाईचा उल्लेख नाही. बौधायन धर्मसूत्रात तर शालीन हा गृहस्थाचाच एक प्रकार आहे. एक घर धरून, स्थिर राहून संसार करणारा तो शालीन, आणि त्याच्या शेजारी यायावर. यायावर हा शब्द आपण आजही भटक्या माणसासाठी वापरतो. म्हणजे शालीन हा मुळात मिशीवाला, घरदार असलेला बाप्या होता. त्याने उद्धटपणा करू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. तो हळू बोलायचा की मोठ्याने हसायचा, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

मग हा शब्द बाईकडे कधी गेला? तारीख सांगता येणार नाही, शब्दांचे जन्मदाखले नसतात. पण आज वर्तमानपत्रातली 'वधू पाहिजे' ही जाहिरात बघा आणि शेजारची 'वर पाहिजे' बघा. मुलगी शालीन, सुशील, गृहकृत्यदक्ष हवी. मुलगा निर्व्यसनी आणि कायमस्वरूपी नोकरीतला हवा. 'शालीन वर पाहिजे' असं मी अजून वाचलेलं नाही. (कोणी वाचलं असेल तर कात्रण मंडळाच्या खोलीत आणून द्यावं, मी ते फ्रेम करून लावीन.) जो गुण दोघांचा होता तो एकीच्या अंगावर टाकला, आणि टाकताना त्याचा अर्थही आखडला. उद्धट नसणं हा वागण्याचा गुण आहे. आता शालीन म्हणजे पदर कुठे आहे, नजर कुठे आहे, आवाज किती आहे. वागणं सुटलं आणि दिसणं राहिलं.

इथे कोणी म्हणेल, शब्दाच्या मुळाशी जाऊन काय करायचं, अर्थ तर बदलतच असतात. खरं आहे. पण हुबळी-धारवाडमध्ये राहणाऱ्या माणसाला या शब्दाचं काय होतं हे बघायला कोश लागतच नाहीत. आपल्या गावातच त्याचं उदाहरण होऊन गेलं आहे.

हुबळीच्या देशपांडे नगरात 'गंगालहरी' नावाचं घर आहे. गंगूबाई हनगल यांचं घर, आता तिथे संग्रहालय आहे. शाळेत असताना आम्हाला तिथे नेलं होतं, तेव्हा मी मैत्रिणीशी गप्पाच जास्त मारल्या. परवा पुन्हा गेले.

गंगूबाईंचा जन्म ५ मार्च १९१३ चा, धारवाडचा. बालपण शुक्रवारपेठेतलं. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या. गाणं हाच ज्या घरांतल्या बायकांचा पिढीजात धंदा, त्या घरातली ही मुलगी. शुक्रवारपेठेतून जाताना लोक 'गाणेवाली' म्हणून हिणवायचे, ही आठवण त्यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. १९२४ साली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष महात्मा गांधी. तिथे स्वागतगीत गाणाऱ्यांत ही अकरा वर्षांची मुलगी होती. एवढ्या मोठ्या सभेत गायचं म्हणून ती घाबरली असेल असं आपल्याला वाटेल. तिला भीती वेगळीच होती. आपण खालच्या जातीचे, तेव्हा लोकांची जेवणं झाल्यावर उष्टं-खरकटं काढायला आपल्याला सांगतील की काय, ही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. आपल्याला शाळेत अधिवेशन शिकवतात, त्यातली ही भीती शिकवत नाहीत.

पुढे त्या सवाई गंधर्वांकडे शिकल्या. हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जायचं, शिकायचं, परत यायचं. एकट्या तरुण बाईने गाणं शिकायला गावोगाव जायचं, म्हणजे बोलणाऱ्यांना आयतंच. त्यातून जे उभं राहिलं ते किराणा घराण्याचं गाणं. आता इथे थांबून जरा बघा. संगीतात आपण घराणं म्हणतो. उत्तम, परंपरेतून आलेल्या गाण्याला 'घरंदाज गायकी' म्हणतो. म्हणजे गंगूबाईंना घराणं होतं, त्यांची गायकी घरंदाज होती. फक्त त्या स्वतः रस्त्यावरच्या लोकांच्या लेखी घरंदाज नव्हत्या! एकाच शब्दाने एका बाईचं गाणं आत घेतलं आणि तिला मात्र उंबऱ्याबाहेर ठेवलं. मराठीच्या कुठल्याही व्याकरणात हा प्रयोग सापडायचा नाही.

आणि त्यांच्या गुरूंचं बघा. सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, हे मराठी नाटक कंपनीत स्त्रीपार्टी होते. 'सौभद्र'मधली सुभद्रा ते करायचे. बालगंधर्वांशी तुलना झाली म्हणून तर 'सवाई'. त्या काळी मराठी संगीत नाटकं घेऊन कंपन्या आपल्या भागात यायच्या आणि कानडी घरांतली माणसंही मराठी पदं गुणगुणायची. बालगंधर्व शालू कसा नेसतात, गजरा कसा माळतात, मान कशी वळवतात, हे बघून घराघरांतल्या बायकांनी तसं करायला सुरुवात केली, असं सगळे जुने लोक सांगतात. म्हणजे मराठी बाईने शालीन कसं दिसावं याचा नमुना एका पुरुषाने घालून दिला. मला यात बालगंधर्वांचा किंवा सवाई गंधर्वांचा काही दोष वाटत नाही, ती मोठी कला होती. पण एक गोष्ट त्यातून अगदी उघड होते. शालीनपणा जर खरोखर बाईच्या रक्तात, जातीत, घराण्यात असता, तर रंग लावून, केस बांधून एका पुरुषाला तो तीन-चार तास इतका हुबेहूब आणता आलाच नसता. तो शिकता येतो आणि करून दाखवता येतो. मग मुलीच्या घरी उप्पीट खात अर्ध्या तासात तो आहे की नाही हे ठरवायचं, म्हणजे आपण नेमकं काय बघत असतो? नाटकच की.

स्टेजवर सुभद्रा होणारा पुरुष कौतुकाला पात्र, आणि त्याच्याकडून गाणं शिकून बैठकीत स्वतःच्या नावाने गाणारी बाई 'गाणेवाली'. दोन्ही एकाच कुंदगोळात.

आवाजाची गोष्ट तर विसरताच येत नाही. गंगूबाईंचा आवाज आधी पातळ, उंच होता. घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि आवाज बदलला, जाड झाला. रेडिओवर ऐकणाऱ्याला पुरुष गातो आहे असं वाटावं इतका. त्या काळात बाईचा गळा म्हणजे नाजूक, गोड असायला हवा हे ठरलेलं. त्यांनी तो आवाज लपवला नाही, चोरून पातळ केला नाही. त्याच आवाजात, त्याच्या वजनासकट, विलंबित ख्याल मांडला. त्यांची मारवा, भैरव, शुद्धकल्याणची ध्वनिमुद्रणं आता कोणालाही मोबाइलवर ऐकता येतात. मी ताईला ऐकवली. ती पहिल्यांदा म्हणाली, "हा कोण बुवा गातोय?" मग नाव सांगितल्यावर बराच वेळ गप्प बसली.

१९७१ मध्ये पद्मभूषण, २००२ मध्ये पद्मविभूषण, आणि २१ जुलै २००९ ला हुबळीत निधन. अखेरच्या काळात आणि नंतर त्यांच्याबद्दल जे लिहिलं जातं त्यात साधी राहणी, मोठं कुंकू, सात्त्विक, आणि हो, शालीन, हे शब्द सढळ हाताने येतात. त्या बोलायला नम्र आणि विनोदी होत्या, घरी आलेल्याला खाऊपिऊ घातल्याशिवाय सोडत नसत, हे खरंच. पण हा शब्द त्यांना मिळाला कधी? सत्तर-ऐंशी वर्षांचं आयुष्य गाऊन झाल्यावर. शुक्रवारपेठेतल्या मुलीला त्याची गरज होती तेव्हा तो कोणाकडेच नव्हता. आणि त्यांनी स्वतःच एकदा नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. पुरुष गायक मुसलमान असला की उस्ताद होतो, हिंदू असला की पंडित होतो, पण केसरबाई, मोगूबाई या बाईच राहतात, असं त्या म्हणाल्या होत्या. हे वाक्य उद्धट नाही. आवाज न चढवता बोललेलं आहे. पाणिनीच्या अर्थाने पूर्ण शालीन आहे. आजच्या अर्थाने मात्र ते शालीन ठरेल का, याची मला शंका आहे, कारण त्यात मोठ्या लोकांचा हिशोब चुकला आहे हे सांगितलं आहे. सोन्यावरच्या व्याजासारखंच.

कोणी म्हणेल, गंगूबाईंचं सोडा, गाणंच त्या काळी बायकांना वर्ज्य होतं. तसंही नव्हतं. विजापूरकडच्या हलसंगीच्या मित्रमंडळाने १९३१ मध्ये 'गरतीय हाडु' नावाचं पुस्तक काढलं, म्हणजे गरतीचं गाणं. जात्यावर दळताना, पाळणा हलवताना बायका जी गाणी म्हणायच्या ती त्यात गोळा केली आहेत. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांची सख्खी बहीणच म्हणा. म्हणजे गरती गायची, भरपूर गायची, पहाटे उठून गायची, आणि गाऊनही गरतीच राहायची. मात्र ते घराच्या आत, जात्यापाशी. तेच गाणं बैठकीत आलं, त्याला तंबोरा लागला, त्याचे पैसे मिळायला लागले की गरतीपण गेलं. तेव्हा अडचण गाण्याची नव्हती, आवाजाचीही नव्हती. आवाज कोणत्या भिंतीपर्यंत पोचतो, याची होती. ताईचं हसणं दिवाणखान्यापासून स्वयंपाकघराकडे पोचलं ते चाललं नाही. उलट दिशेने, स्वयंपाकघरात हसून दिवाणखान्यात थोडंसं पोचलं असतं, तर कदाचित मुलगी 'हसतमुख' ठरली असती.

आता ज्या बाईला घरच नाही तिचं काय? शालीन, कुलीन, घरंदाज हे सगळे शब्द घराच्या आधाराने उभे असतील, तर विधवा, टाकलेली, अनाथ बाई यांतल्या एकाही शब्दात बसत नाही. या प्रश्नाशी सर्वांत जास्त झुंजलेली बाई आपल्याच राज्यात जन्मली: पंडिता रमाबाई, १८५८, पश्चिम घाटातल्या गंगामूळजवळ. आपल्या महाविद्यालयात त्यांचं नाव बहुतेक ख्रिस्ती धर्माच्या संदर्भात घेतलं जातं, ते योग्यच आहे, पण मला इथे त्यांचं आधीचं एक पुस्तक आठवतं. १८८२ मध्ये त्यांनी मराठीत 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं. बायकांनी शिकावं, पण विनयाने वागावं, घर नीट राखावं, असा उपदेशाचा सूर त्यात आहे. (त्याच वर्षी ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' निघालं. त्यात सूर उपदेशाचा नाही, जाब विचारण्याचा आहे. एकाच वर्षी मराठीत दोन बायका दोन टोकांना उभ्या होत्या.) पुढच्या वर्षी रमाबाई इंग्लंडला गेल्या, ख्रिस्ती झाल्या, मग अमेरिकेत गेल्या, आणि परत आल्यावर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढलं. सदन म्हणजे पुन्हा घरच! पण हे घर वेगळं.  ज्यांना कोणीच घरंदाज म्हणणार नव्हतं त्यांच्यासाठी ते होतं. शालीन बाईचे नियम लिहिण्यापासून रमाबाई सात वर्षांत घर नसलेल्या बाईसाठी घर बांधण्यापर्यंत आल्या, असं मला दिसतं. विद्वान माणसं याचा वेगळा अर्थ लावतील, लावोत.

आणखी एक गोष्ट सांगते. ही मला कोशातून नाही, धारवाडच्या रस्त्यावरून जाताना सुचली. शालीनमधली जी शाला, तीच मराठीत शाळा झाली. बासेल मिशनची माणसं १८३७ साली धारवाडला आली आणि शाळा काढायला लागली. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. शालेत शिरायला योग्य ती शालीन, हा अर्थ खरा धरला, तर शाळेत जाणाऱ्या त्या पहिल्या मुली आणि त्यांना शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाई यांच्याइतकं शालीन दुसरं कोण? आणि त्यांच्यावरच शेण आणि चिखल फेकला गेला. फेकणारे स्वतःला घरंदाज समजत होते, याबद्दल मला तरी शंका नाही.

इतकं सगळं वाचल्यावर मला आधी वाटलं की हा शब्दच टाकून द्यावा. 'गरती' टाकलाच की आपण. पण मग आमच्या आजीची आठवण झाली. आजी बाजारात भाजीवालीशी घासाघीस करायची, पण तिच्या मालाला कधी नावं ठेवायची नाही. दारात आलेल्या कोणालाही 'अहो-जाहो' करायची, कचरा न्यायला येणाऱ्या माणसालासुद्धा. कोणी घालूनपाडून बोललं तर उत्तर द्यायची, पण दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला संक्रांतीचे तीळगूळ द्यायला विसरायची नाही. तिचा आवाज चांगला खणखणीत होता, गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. तिला मी शालीन म्हणेन, आणि त्यासाठी दुसरा शब्द मला सापडत नाही. नम्र म्हटलं तर कमी पडतं, सभ्य म्हटलं तर कोरडं वाटतं. शालीनमध्ये एक माया आहे, समोरच्याला जागा करून देणं आहे. आपल्या घरात दुसऱ्याला शिरू देणं, असाही शाला शब्दाचा उपयोग होऊ शकतो की. म्हणून शब्द ठेवावा. पण त्याची मापं काढण्याची पट्टी करू नये, आणि अर्धा शब्द अर्ध्या लोकांना वाटू नये.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे, नाव लिहीत नाही, त्याला संकोच वाटेल. चर्चासत्रात कोणाचं बोलणं अर्धवट राहिलं की तो म्हणतो, "त्यांचं पूर्ण होऊ दे, मग मी बोलतो." मुलींचंही, मुलांचंही. मागच्या बाकावरचा एखादा कन्नडमध्ये विचारायला लागला तर तो कन्नडमध्येच उत्तर देतो, हसत नाही. मी एकदा त्याला म्हटलं, "तू फार शालीन आहेस रे." पोरं अशी हसली! तोही लाजला. 'शालीन' ही जणू बांगडी आहे आणि मी ती त्याच्या हातात घातली, असं सगळ्यांना वाटलं. त्या हसण्यातच या शब्दाचं काय झालं आहे ते सगळं आहे.

आता मंडळापुरतं एक सांगायचं आहे, ते सांगून थांबते. दरवर्षी पारंपरिक वेशभूषा दिनाला आपण दोन बक्षिसं देतो: मुलांसाठी 'रुबाबदार वेशभूषा' आणि मुलींसाठी 'शालीन वेशभूषा'. मागच्या वर्षी सूत्रसंचालन मीच केलं होतं आणि 'शालीनतेचं मूर्तिमंत रूप' असं काहीतरी माइकवर म्हटलंही होतं, तेव्हा यात मी काही वेगळी नाही. यंदाच्या बैठकीत मी अर्ज दिला आहे. नऊवारी कशी नेसली आहे, धोतर कसं नेसलं आहे, इरकल खरं आहे की नाही, हे बघून 'पारंपरिक वेशभूषा' असं एकच बक्षीस सगळ्यांना मिळून द्यावं. कपड्याला कपड्याचं बक्षीस. आणि शालीनतेचं बक्षीस द्यायचंच असेल तर ते वर्षाच्या शेवटी द्यावं, वर्षभर कोण कसं वागलं ते बघून. यादीत मुलगेही असावेत, आणि ऑफिसमधले, कँटीनमधले कर्मचारीही. अर्जावर अजून निर्णय झालेला नाही. दोन सभासदांनी सही केली आहे. तिसऱ्याने विचारलं, "मग रुबाबदारचं काय करायचं?" प्रश्न बरोबर आहे. तो शब्दही बघायला हवा, पण पुढच्या अंकात.

आणि ताईचं काय झालं, हे विचाराल म्हणून सांगते. मार्चमध्ये दुसरी मंडळी आली, गदगकडची. आईने तिला आधी सांगून ठेवलं होतं, विचारलं तेवढंच बोल, हसू नको. ताईने उप्पिटाचा ट्रे ठेवला आणि बसल्या बसल्या स्वतःच म्हणाली, "माझा आवाज जाड आहे, आधीच सांगते. नंतर काकांना निरोप आणायला त्रास नको." मुलाची आजी होती सोबत, पंचाऐंशीची असेल. ती कानाला हात लावून म्हणाली, "बरं झालं बाई. बाकीच्या मुली बोलतात ते मला ऐकूच येत नाही."